गोमूचा जलप्रवास

कांहीं गीतांचें दुर्दैव असें असतें कीं, तीं फार लवकर सर्वांचीं होतात. एकदां तीं सर्वांचीं झालीं म्हणजे त्यांचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. ताल सुरू झाला कीं माना डोलूं लागतात आणि शब्द कानांवरून वाहून जातात. ‘गोमू माहेरला जाते हो नाखवा’ हें असेंच एक गीत होय. १९६४ सालच्या ‘वैशाख वणवा’ या चित्रपटासाठीं तें ग. दि. माडगूळकरांनीं लिहिलें, दत्ता डावजेकरांनीं त्याला चाल दिली आणि पं. जितेंद्र अभिषेकी यांनीं तें गाइलें. चित्रपटाचें नांवही आज ज्यांना सांगतां येणार नाहीं अशा मुलांना हें गीत तोंडपाठ असतें. मी राहतों त्या नवी मुंबईंत तर शाळेचें स्नेहसंमेलन याच्यावांचून बहुधा पार पडत नाहीं. काष्टा मारलेल्या मुली आणि डोक्याला रुमाल बांधलेले मुलगे रंगमंचावर हवेंत वल्हीं मारीत येतात, पालक टाळ्या वाजवितात आणि पडदा पडतो. गेल्या हिवाळ्यांत नातीच्या निमित्तानें अशा एका संमेलनांत बसलों असतां एक क्षुल्लक गोष्ट माझ्या प्रथमच लक्षांत आली. त्या गीतांत वल्हें मुळीं नाहींच, शीड आहे. मग मी पुढचे शब्दही ऐकूं लागलों, आणि ध्यानांत आलें कीं, हें गीत नाचाचें नसून प्रवासाचें आहे. एक नवरा, एक बायको, एक गलबत आणि एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंतचें पाणी, एवढाच त्यांतील मामला आहे. या दृष्टीनें त्याचें परीक्षण व्हावें असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

मराठी काव्यांतील समुद्र बहुतेक ठिकाणीं एकट्या पुरुषाचा आहे. सावरकरांनीं १९०९ सालीं ब्रायटनच्या किनाऱ्यावर ज्याला साद घातली तो सागर मातृभूमि आणि पुत्र यांच्यामध्यें आडवा पडलेला आहे. कुसुमाग्रजांच्या ‘कोलंबसाचे गर्वगीत’ या कवितेंतील समुद्र हा ललकारण्याचा प्रतिपक्षी आहे. ‘विशाखा’ १९४२ सालीं निघाली, तेव्हांपासून किती तरुणांनीं ती कविता छाती फुगवून म्हटली असेल! या दोन्ही ठिकाणीं स्त्रीला अवसरच नाहीं, आणि तो नाहीं म्हणून कांहीं बिघडत नाहीं. परंतु जेथें ती आहे, म्हणजे कोळीगीतांत, तेथें तिची जागा बहुधा किनाऱ्यावर ठरलेली असते. शांता शेळके यांच्या ‘वादळवारं सुटलं गो’ या गीतांत तो दर्यांत आहे आणि ती घरीं, रात्र मोजीत. ‘मी डोलकर’ या गीतांत दोघांचेही आवाज आहेत खरे, पण तो दर्याचा अधिपति म्हणून बोलतो, आणि ती आपल्या नटण्यामुरडण्याविषयीं. एका गीतांत असलेलीं हीं दोघें एका होडींत आहेत असें कांहीं मनावर ठसत नाहीं. (जातां जातां एक सांगतों. ‘डोलकर’ म्हणजे लाटांवर डोलणारा, अशी आम्हां शहरवासीयांची गोड समजूत आहे. वस्तुतः डोल हें एक जाळें आहे. भरतीओहोटीच्या ओढींत तें पिशवीसारखें रोवून ठेवतात, आणि तें लावणारा तो डोलकर.)

याचें एक कारण सरळ आहे. भगूरचे सावरकर, नाशिकचे कुसुमाग्रज, पुणें जिल्ह्यांत वाढलेल्या शांताबाई आणि माणदेशच्या कोरड्या माळावरचे माडगूळकर, असे आमचे हे समुद्रगायक घाटावरचे होत. बोरकरांसारखा गोमंतकीय कवि बाजूस ठेवला, तर ज्यांच्या पायांना लहानपणीं खारें पाणी लागलें नाहीं त्यांनींच आम्हांला समुद्र शिकविला. हा दोष नव्हे. दुरून आलेल्याला जें दिसतें तें नित्य राहणाऱ्याला पुष्कळदां दिसत नाहीं. पण दुसरें कारण अधिक खोल आहे, आणि तें कवींच्या नव्हे, कोंकणच्या जीवनांतलें आहे. मुंबईच्या धक्क्यावरून हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्लें अशा बंदरांस जाणाऱ्या आगबोटी पिढ्यान् पिढ्या चाकरमान्याला घेऊन गेल्या आणि परत आणीत राहिल्या. तो मुंबईच्या गिरणींत, ती गांवच्या घरांत. हर्णेसारख्या ठिकाणीं बोट दूर पाण्यांत उभी राही आणि उतारू पडावांतून किनाऱ्याला येत. त्या पडावाकडे डोळे लावून बसणें हेंच अनेक जणींचें वैवाहिक जीवन होतें. आगबोट ही ताटातुटीची वस्तु होती. नवराबायकोंनीं एकत्र बसून केलेला समुद्रप्रवास हा अपवाद, आणि अपवादावर लोकगीत सहसा होत नाहीं. कोळी कुटुंबांत संसार खऱ्या अर्थानें दोघांचा असतो, मासळी त्याची आणि बाजार तिचा. तरीही गीत रचतांना त्याला पाण्यावर आणि तिला काठावर ठेवण्याची रीत सुटली नाहीं.

माडगूळकरांचें गीत ही रीत मोडतें. दोघांना एका गलबतांत बसवितें, आणि बसवून एक चमत्कारिक गोष्ट करितें. गोमू आपल्या गांवाकडे चालली आहे, आणि नाखव्याला विनंती अशी आहे कीं, तिच्या नवऱ्याला कोंकण दाखवावें. ज्याला कोंकण दाखवावें लागतें तो अर्थातच कोंकणचा नव्हे. आमच्या विवाहसंस्थेंत परकी होते ती बायको. सासरचें पाणी, सासरची चूल, सासरच्या वाटा तिला कोणी तरी दाखवाव्या लागतात. येथें तीच गोष्ट उलटली आहे. गलबतानें नांगर उचलला त्या क्षणापासून परका तो आहे आणि घरची ती. तो पाहुणा, आणि पाहुण्याचें सारें भवितव्य नाखव्याच्या व वाऱ्याच्या हातीं. सासर मागें राहिलें, माहेर यावयाचें आहे. मधल्या पाण्यावर कोणाचेंच राज्य नाहीं. त्या दोन-चार घटकांत हा उलटा संसार चालतो. हा चमत्कार कवीनें कोठेंही बोलून दाखविलेला नाहीं, आणि म्हणूनच साठ वर्षें आम्हीं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला असावा.

रचनेकडे पाहिलें तर तिन्ही कडव्यांचें मोल सारखें नाहीं. पहिल्यांत खाडीचा निळा रंग, दोन्ही तीरांवरची हिरवी दाटी आणि अबोलीचा भगवा ताटवा आहे. हें चित्र गलबतांतून दिसणारें आहे, हें महत्त्वाचें. दोन्ही तीर एकाच वेळीं दिसावयाचे तर पाहणारा पाण्याच्या मधोमध असला पाहिजे. दुसरें कडवें मला कच्चें वाटतें. कोंकणचीं माणसें साधींभोळीं आणि त्यांचीं अंतःकरणें शहाळ्यासारखीं, ही स्तुति प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत शोभेल. जो कोणी कोंकणांतील एखाद्या सामाईक बांधाच्या दाव्यांत साक्षीदार राहिला असेल तो या भोळेपणाविषयीं शपथेवर कांहीं सांगूं धजणार नाहीं! परंतु त्याच कडव्याचा शेवट कवीनें सावरला आहे. माडांची उंची जवळून मापावी, असें तो म्हणतो. समुद्रावरून पाहणाऱ्याला माड उंच दिसतच नाहींत. किनाऱ्याला लावलेल्या हिरव्या झालरीसारखी ती एक रेघ असते. गलबत जसजसें आंत शिरतें तसतशी ती रेघ वर वर चढत जाते, आणि काठ आला म्हणजे मान मागें टाकावी लागते. माणदेशच्या कवीनें हें कोठें टिपलें असेल तें असो, टिपलें अचूक आहे.

तिसरें कडवें मात्र या गीताचा प्राण आहे. बोलणारा येथें नाखव्याला सोडून वाऱ्याकडे वळतो. त्याच्या खोड्यांबद्दल त्याला दटावतो, शिडांत शिरावयास सांगतो, आणि पुन्हां नाखव्याकडे वळून गलबत लवकर जमिनीला लावण्याची विनवणी करितो. आमचे शिक्षक अशा ठिकाणीं चेतनगुणोक्ति अलंकार असें फळ्यावर लिहून पुढें जात. पण दर्यावर्दी माणसाला विचारा, तो सांगेल कीं येथें अलंकार थोडा आणि व्यवहार पुष्कळ आहे. आमच्या किनाऱ्यावर पावसाळा संपला म्हणजे वाऱ्याचें एक वेळापत्रक असतें. रात्रीं व पहांटे जमिनीकडून मतलई वाहते, दुपारीं समुद्राकडून खारा वारा उठतो. शिडाचें गलबत खाडींत घालावयाचें तें भरतीचें पाणी आणि दुपारचा वारा यांची गांठ पाहून. उघड्या समुद्रावर तो वारा एका रेषेंत येतो, परंतु खाडीच्या तोंडाशीं, दोन्ही बाजूंना डोंगर आले कीं, तो वळतो, थांबतो, भलतीकडूनच झुळुकतो. शीड फडफडतें, भरत नाहीं. घर समोर दिसत असतें, आणि भरती टळली तर गलबत चिखलांत बसून सहा घटका नव्हे, सहा तास वाट पाहावयाची असते. प्रवासाच्या शेवटच्या कोसावर वाऱ्याच्या खोड्या आठवाव्या, हें केवळ कविकल्पनेनें सुचणारें नाहीं.

या चिखलाचा मला स्वतःचा अनुभव आहे, आणि तो सांगितल्यावांचून पुढील मुद्दा नीट मांडतां येणार नाहीं. माझा जन्म घाटावरचा. माझ्या पत्नीचें माहेर रेवसच्या पलीकडे, अलिबाग तालुक्यांत. १९८४ सालच्या पहिल्या दिवाळसणाला आम्ही दोघें भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्यें बसलों. निघतांना तिनें माझ्या हातांत एक लिंबू दिलें. मीं तें हांसून खिशांत टाकलें. बंदराचें पाणी सुटून लाँच मोकळ्यावर आली आणि तें लिंबू मला अमृतासारखें वाटूं लागलें. लग्नाला सहा महिने झाले होते. त्या सहा महिन्यांत आमच्या घरीं ती हळू बोले, विचारून उठे, विचारून बसे. त्या लाँचमध्यें मीं तिला प्रथमच मोठ्यानें बोलतांना ऐकलें. ही खांदेरी, ती उंदेरी, तो कुलाब्याचा दिशेकडचा किनारा, असें ती मला हात करून दाखवीत होती. खलाशाला ‘दादा’ म्हणून आज ओहोटी केव्हां, असें विचारीत होती. धक्क्यापाशीं पाणी उतरलें होतें म्हणून लाँच बराच वेळ बाहेर थांबली. मी कठड्याला धरून बसलों होतों आणि ती उभी होती.

तिच्या आजीला आम्ही त्या मार्गानें आलों हें आवडलें नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं ‘रामदास’ बोट याच मार्गावर, रेवसला येतांना बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या वर्षापासून आजी पाण्यावर बसली नव्हती. मुंबईला जावयाचें झालें तर पेणच्या वाटेनें वळसा घेऊन जाई. नवरा-बायको एका बोटींत बसूं नयेत, एक तरी मागें राहावें, असें ती म्हणे. पाण्याचा हाही एक अर्थ आहे, आणि गोमूच्या गीतांत तो नाहीं. असावयास पाहिजे होता असें मी म्हणत नाहीं. माहेरच्या वाटेवर मरणाचें नांव कोणी काढीत नाहीं.

पाश्चात्यांच्या वाङ्मयांत जोडप्याचा सागरप्रवास ही एक स्वतंत्र शाखाच होऊन गेली आहे. त्यांतील ज्या एका पुस्तकाची येथें आठवण होते तें माइल्स स्मीटन या निवृत्त सेनाधिकाऱ्याचें, १९५९ सालीं प्रसिद्ध झालेलें. १९५७ च्या फेब्रुवारींत तो, त्याची पत्नी बेरिल आणि त्यांचा एक मित्र ‘त्झू हँग’ या शिडाच्या नौकेंतून केप हॉर्नकडे जात असतां एका प्रचंड लाटेनें नौका उलटी केली, डोलकाठ्या मोडल्या. त्या क्षणीं सुकाणू बेरिलच्या हातांत होतें. ती समुद्रांत फेकली गेली, जखमी अवस्थेंत पोहत मोडक्या डोलकाठीला येऊन बिलगली, आणि वर घेतल्यावर बादलीनें पाणी उपसूं लागली. हीं तिघें पुढें जुजबी शिडें उभारून चिलीच्या किनाऱ्याला लागलीं. पुस्तक नवऱ्यानें लिहिलें आहे, पण त्यांत बायकोचे हात सर्वत्र दिसतात. आमच्या गोमूला कोणी सुकाणू देत नाहीं हें खरेंच. तिला साधें एक वाक्यही दिलेलें नाहीं, असा आक्षेप मीं या लेखाच्या पहिल्या खर्ड्यांत घेतला होता. तिच्याविषयीं बोलतो तो कोणी तिसराच, कदाचित् धक्क्यावर पोंचवावयास आलेला भाऊ किंवा शेजारी, नाखवा ऐकतो, नवरा पाहतो, आणि जिचा हा प्रवास ती गोमू आरंभापासून अखेरपर्यंत मुकी, असें मीं बऱ्याच त्वेषानें लिहिलें होतें.

त्या आक्षेपाचें काय झालें तें सांगण्यापूर्वीं नवी मुंबईच्या त्या रंगमंचाविषयीं दोन शब्द लिहितों, कारण मूळ आरंभ तेथून झाला. हें शहर १९७० सालीं सिडकोच्या स्थापनेनें आरंभिलें गेलें आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनीवर वसलें. दिवाळें, करावें, सारसोळें येथील कोळीवाडे या शहराच्या कितीतरी आधीचे. १९७३ सालीं वाशीचा पूल झाला, १९८९ सालीं न्हावा-शेव्याचें बंदर सुरू झालें, आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावा-शेव्याकडे येणाऱ्या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचें उद्घाटन झालें. आतां माहेरवाशीण काचा लावलेल्या मोटारींतून ही खाडी ओलांडते. ती निळी आहे कीं करडी हें पाहण्यापूर्वींच पथकर देऊन झालेला असतो. मी या पुलांचा निंदक नाहीं. त्या आजीला पूल मिळाला असता तर तिनें तो आनंदानें घेतला असता. परंतु गंमत पाहा: कोंकण विभागाच्या आयुक्तांची कचेरी, ‘कोंकण भवन’, आमच्या बेलापुरांत आहे, आणि आम्ही बेलापूरकर मे महिना आला कीं ‘कोंकणांत’ जाण्याची तिकिटें काढतों! खाडीच्या काठीं राहून आम्हांला कोंकण दुसरीकडे आहे असें वाटतें, तेव्हां गोमूच्या नवऱ्याच्या जागीं आम्ही सर्वच आहों. रंगमंचावरच्या मुलांना वल्हीं देणाऱ्या शिक्षिकेचा म्हणूनच मला राग येत नाहीं. शीड भरतांना तिनें तरी कोठें पाहिलें असणार? मात्र नाचाच्या सोयीसाठीं गोमूला कोळीण आणि सगळ्यांनाच नावाडी करून टाकल्यानें गीताचा गाभा हरपतो. गीतांतील ती दोघें उतारू आहेत, नावाडी नव्हेत. त्यांना करण्यासारखें कांहीं नाहीं. बसावयाचें, पाहावयाचें आणि पोंचावयाचें. संसारांत असे किती तास मिळतात?

आतां आक्षेपाविषयीं. लेखाचा खर्डा मी पत्नीला वाचून दाखविला. गोमू मुकी आहे या वाक्याशीं येतांच तिनें मला थांबविलें. म्हणाली, “अहो, हें सगळें गोमूच तर बोलते आहे.”

मीं विचारलें, “मग ती ‘मी माहेरला जातें’ असें कां म्हणत नाहीं? स्वतःला गोमू कां म्हणते?”

“नवरा शेजारीं बसलेला, नाखवा परका पुरुष. त्यांच्यापुढें नवी नवरी ‘मला माहेरीं न्या, माझ्या नवऱ्याला माझा गांव दाखवा’ असें म्हणेल? ती दुसऱ्या कोणाचें सांगावें तसें सांगते. आम्ही बायका असेंच बोलत आलों आहों.”

मी गीत पुन्हां वाचून पाहिलें. नाखव्याला सारें आदरार्थी आहे, पण वाऱ्याला अरेतुरे आहे, आणि तें लहानपणच्या खेळगड्याशीं करावें तसें. खोड्या पुरे म्हणून वाऱ्याला दटावणारा मनुष्य त्या वाऱ्याला ओळखत असला पाहिजे. गलबतांत त्याला कोण ओळखतें? नवरा तर नव्हेच. घाईही पाहा. नाखव्याला घाई नाहीं, त्याचें पोट पाण्यावरच आहे; नवऱ्याला घाई नाहीं, तो पाहुणचाराला चालला आहे. गलबत लवकर टेकावें अशी तळमळ तिघांपैकीं एकाच व्यक्तीला असूं शकते. खाडी, झाडी, अबोली, माड, हें सारें ‘दाखवा’ म्हणून सांगणारीच तें मनांतल्या मनांत ओळखीत चालली आहे. मग मला पहिला खर्डा फाडावा लागला. अभिषेकींचा पुरुषी कंठ या अर्थाच्या आड येतो, हें खरें. पण तो चित्रपटाचा प्रश्न आहे, शब्दांचा नव्हे. शिवाय मंगेशीच्या त्या गायकाच्या गळ्यांत जें आर्जव आहे तें पोंचवणाऱ्याचें नाहीं, पोंचूं पाहणाऱ्याचें आहे, असें आतां मला वाटूं लागलें आहे.

तरीही एक शंका उरली, ती मीं तिला विचारली. नवरा शेजारीं बसला असतां ती त्याला ‘घोव’ कशी म्हणेल? तुमच्याकडे हा शब्द घरगुती असेल, पण तोंडावर?

ती हांसली. म्हणाली, “म्हणेल कीं. तो घाटावरचा, त्याला तो शब्द कुठें कळतो आहे? रेवसच्या लाँचमध्यें मीं त्या खलाशाला तुमच्याबद्दल काय सांगितलें, तें तुम्हांला तरी कळलें होतें?”